रुग्णालय कोठें असावें?

गांवाला रुग्णालय हवें याविषयीं दुमत नसतें. परंतु तें आपल्या भिंतीला लागून नसावें, असेंहि बहुतेकांस वाटतें. मुंबई इलाख्यांत नगररचनेचा पहिला कायदा 1915 सालीं झाला. महाराष्ट्रांत आज 1966 चा कायदा लागू असून त्यान्वयें शहराच्या आराखड्यांत रुग्णालयासाठीं जागा राखून ठेवतां येते. नकाशा अधिकारी आंखतात खरा, पण पुष्कळदां रेघ ओढते ती लोकांची भीति.

माजरी जंक्शनहून नागपूरकडे निघालें कीं वरोरा लागतें. 1951 सालीं बाबा आमटे आणि साधनाताई 6 कुष्ठरुग्णांसह या वरोऱ्याबाहेरच्या 50 एकर खडकाळ माळावर राहावयास गेले. वस्तीपासून दूर, कोणास नको असलेली ती भूमि; तेंच आनंदवन. रुग्णांनीं विहीर खणली, भाजी पिकविली. ती विकत घेण्यास मात्र गांव कचरत असे. पुढें त्याच गांवचीं मुलें आनंदवनांतील महाविद्यालयांत शिकूं लागलीं! संसर्गाचा धाक इतका लवचीक कसा, हें विचारण्यासारखें आहे. निराधार कुष्ठरोग्यांना वेगळें ठेवणारा 1898 चा कायदा केंद्रानें रद्द केला तो 2016 सालीं. रोग पूर्ण बरा करणारी औषधयोजना येऊन तेव्हां तीन दशकें लोटलीं होतीं.

याच घराण्यानें दुसरी जागा निवडली ती निराळ्या हिशेबानें. आजच्या गडचिरोली जिल्ह्यांतील हेमलकसा येथें, माडिया गोंडांच्या अरण्यांतच, 1973 सालीं काम सुरू झालें. इमारत नव्हती, डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे झाडाखालीं रोगी तपासीत. आरंभीं कोणी फिरकेना. मग येऊं लागले, तेहि कित्येक मैल पायीं, रोग्याला खाटेवर घालून.