चिकूच्या दहा बिया
(वार्षिक सर्वसाधारण सभेत रुग्णालयाच्या प्रशासकांनी केलेले भाषण)



अहवालवर्षातील जमाखर्च, खाटांची संख्या आणि शस्त्रक्रियांचा तपशील आपल्या हातातील पुस्तिकेत दिलेला आहे. त्याची पुनरुक्ती करून आम्ही आपला वेळ घेत नाही. मात्र त्या जमाखर्चात ‘कर्मचारी प्रशिक्षण’ या शीर्षाखाली एक रक्कम ओळीने तीन वर्षे आलेली आहे. गेल्या सभेत एका ज्येष्ठ देणगीदारांनी तिच्यावर बोट ठेवून विचारले होते, की डहाणू-तलासरीच्या गोरगरिबांसाठी दिलेला पैसा अमेरिकेतील विद्यापीठाकडे कशासाठी जातो? प्रश्न रास्त होता. त्या वेळी आम्ही दिलेले उत्तर मात्र तोकडे होते. ते आज पुरे करीत आहोत.

आपल्या व्यवसायोपचार विभागातील तज्ज्ञ भगिनींनी आपली येथील नोकरी सांभाळून, ऑनलाइन पद्धतीने, क्लिनिकल डॉक्टरेटचा अभ्यासक्रम पूर्ण केला. त्या आज सभागृहात उपस्थित आहेत. आपले नाव घेऊ नये अशी त्यांची विनंती असल्याने आम्ही ते घेत नाही. रुग्ण त्यांना नुसते ‘ताई’ म्हणतात, आम्हीही तसेच म्हणू.

व्यवसायोपचार आणि फिजिओथेरपी एकच, असा पुष्कळांचा समज असतो. आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर. सेवेत रुजू झालो तेव्हा आमचाही तोच समज होता. अर्धांगवायूने लुळा पडलेला हात हलू लागला, त्यात बळ आले, म्हणजे एक मोठे काम झाले. परंतु त्या हाताने घास तोंडापर्यंत नेणे, लुगड्याची गाठ मारणे, विळा धरणे, लेकरू कडेवर घेणे हे पुन्हा जमवून देणे, ही व्यवसायोपचाराची बाजू. येथे ‘व्यवसाय’ म्हणजे धंदा नव्हे. माणसाचा दिवस ज्या ज्या कामांत जातो, ती सर्व कामे त्यात आली.

हे शास्त्र आपल्या देशात आणले ते महाराष्ट्रातील एका सुनेने. कमलाबाई निंबकर जन्माने अमेरिकन. विवाहानंतर त्या येथील झाल्या, वयाच्या चाळिशीनंतर पुन्हा अमेरिकेत जाऊन त्यांनी व्यवसायोपचाराचे रीतसर शिक्षण घेतले आणि १९५० मध्ये मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात देशातील पहिले व्यवसायोपचार विद्यालय सुरू केले. १९५२ मध्ये अखिल भारतीय संघटना स्थापन झाली. त्याच वर्षी स्थापन झालेल्या जागतिक महासंघाच्या संस्थापक सदस्यांत भारत होता. कमलाबाईंना शिकण्यासाठी समुद्र ओलांडावा लागला. ताईंना ते शिक्षण रुग्णालयाच्या अभिलेख कक्षात बसून घेता आले, एवढाच काळाचा फरक.

परंतु हे सहज झाले नाही, आणि त्यात आमचा दोष होता, हे येथे नमूद केले पाहिजे. २०२१ मध्ये त्यांचा पहिला अर्ज आला तेव्हा तो नामंजूर करावा अशी शिफारस आम्हीच केली होती. कारणे आम्हाला भक्कम वाटली होती. विभागात तज्ज्ञ एकच. पदवी मिळताच त्या मुंबईला किंवा परदेशी जातील. आणि या पदवीचा आपल्याकडे उपयोग काय? पुढील वर्षी त्यांनी तोच अर्ज पुन्हा दिला. सोबत एक पान जोडले होते. त्यावर आधीच्या सहा महिन्यांत उपचार अर्धवट सोडून गेलेल्या रुग्णांची यादी आणि प्रत्येकापुढे एकच वाक्य होते: ‘का गेला, ते मला ठाऊक नाही.’ ते पान वाचून आम्ही शिफारस बदलली.

विश्वस्त मंडळाने फीचा एक हिस्सा अनुदान म्हणून आणि एक हिस्सा बिनव्याजी कर्ज म्हणून मंजूर केला. उरलेला ताईंनी स्वतः भरला. धर्मादाय रुग्णालयांना बिलाच्या रकमेतून दोन टक्के बाजूला काढून जो निर्धन रुग्ण निधी ठेवावा लागतो, त्यातील एक पैसाही येथे वापरलेला नाही. लेखापरीक्षकांनीही हे तपासले आहे.

पीएच.डी. आणि ही डॉक्टरेट यांत भेद आहे. पीएच.डी.मध्ये नवे ज्ञान शोधायचे असते; येथे असलेले ज्ञान आपल्या रुग्णांपाशी कितपत उतरते हे पाहायचे आणि न उतरल्यास सुधारायचे. त्यासाठी शेवटी एक प्रकल्प करावा लागतो, तोही स्वतःच्या कामाच्या ठिकाणी. वर्ग मात्र तिकडच्या वेळेने. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर संध्याकाळचे सात म्हणजे आपले पहाटेचे साडेचार, हिवाळ्यात साडेपाच. पावसाळ्यात वीज जाते आणि जनरेटरची लाइन अभिलेख कक्षाला आहे, म्हणून त्या तेथे बसत. नऊ वाजता बाह्यरुग्ण विभागात हजर. हजेरीपट आम्ही पाहतो, म्हणून खात्रीने सांगतो.

आता प्रकल्पाविषयी. रुग्णाची सुधारणा मोजण्यासाठी आपल्याकडे बार्थेल निर्देशांक वापरला जातो. १९६५ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेले हे मोजमाप आहे. खाणे, आंघोळ, कपडे, शौच, चालणे अशा दहा बाबी आणि एकूण गुण शंभर. मोजमाप चांगले आहे आणि आपण ते सोडलेले नाही. परंतु त्यात जिना चढण्याला दहा गुण आहेत, आणि आपल्या पाड्यांवरील कुडाच्या घरांत जिना नसतो. उकिडवे बसणे, ओणवे होऊन आवणी करणे, विहिरीवरून हंडा आणणे यांना तेथे रकानाच नाही.

दुसरे एक मोजमाप कॅनडात तयार झालेले आहे. त्यात रुग्णालाच विचारतात, की तुम्हाला कोणते काम पुन्हा करायचे आहे, ते तुमच्या लेखी किती महत्त्वाचे, आज किती जमते आणि तेवढ्याने तुमचे समाधान किती? उत्तर एक ते दहा अंकांत द्यायचे. शाळेत न गेलेल्या वारली आजीबाईंना ‘दहापैकी किती’ हे विचारणे कठीण जात होते. ताईंनी चिकूच्या दहा बिया वाटीत ठेवल्या. जेवढे जमते तेवढ्या बिया पुढे सारायच्या. वाड्यांच्या या तालुक्यात बियांना तोटा नाही. (बीच्या टोकाला आकडा असतो, घशात अडकू शकते. म्हणून मुलांच्या विभागात हा प्रयोग केला जात नाही.)

तलासरीच्या एका पाड्यावरील आजी, उजवी बाजू गेलेली. उपचारानंतर काठीने चालू लागल्या. बार्थेलचे गुण चांगले आले, मुलगा समाधानी, आम्हीही. आजींनी बिया मात्र दोनच सारल्या. चौकशीअंती कळले, की त्यांना चुलीपुढे बसून भाकरी थापता येत नव्हती. दिवाळीनंतर मुलगा-सून वीटभट्टीवर जातात आणि नातवंडे आजींपाशी राहतात. आजींना रांधता येत नसेल तर सुनेला घरी थांबावे लागते आणि घरातील एक मजुरी बुडते. आमच्या नोंदवहीत बरी झालेली रुग्ण तिच्या घराच्या हिशेबात अजून आजारीच होती! जमाखर्चात आयुष्य घालवलेल्या माणसाला हे आधी सुचायला हवे होते.

पुढील सहा आठवडे ताईंनी चार बोटे उंचीचा पाट, परातीखाली ओले फडके आणि आढ्याला बांधलेला धरायचा दोर एवढ्या सामानावर काम केले. आजींनी शेवटी सात बिया सारल्या. दिवाळीनंतर सून भट्टीवर गेली.

सर्वच कथा अशा नाहीत. उंबरगावकडील कारखान्यात प्रेसखाली बोटे सापडलेला एक तरुण चार वेळा आला. पाचव्या वेळी आलाच नाही. जखम पुरती भरण्याआधीच कामावर परत गेल्याचे त्याच्या भावाने सांगितले. त्याच्या बिया मोजायच्या राहिल्या. मात्र त्याच्या नावापुढे आता ‘का गेला, ते मला ठाऊक नाही’ असे लिहावे लागत नाही. रोजंदारी बुडते म्हणून गेला, हे लिहिलेले आहे, आणि सायंकाळी उशिरा बाह्यरुग्ण विभाग चालविण्याचा प्रस्ताव त्यातूनच मंडळापुढे आला आहे.

पदवीच्या मान्यतेविषयी स्पष्टपणे सांगणे आमचे कर्तव्य आहे. परदेशी संस्थांच्या सहकार्याने चालणाऱ्या ऑनलाइन पीएच.डी.ला मान्यता नाही, असा इशारा विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये दिला होता. २०२१ च्या राष्ट्रीय आयोग कायद्याखाली येणारे आरोग्यविषयक अभ्यासक्रम दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने चालवू नयेत, असेही आयोगाने जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून ठरविले, आणि त्या कायद्यात व्यवसायोपचार येतो. हा निर्णय आम्हाला योग्य वाटतो. ज्याने कधी रुग्णाचा हात हाती धरलेला नाही, त्याला पडद्यावर हे शास्त्र शिकवता येणार नाही. ताईंची गोष्ट वेगळी, कारण त्यांची मूळ पदवी येथील महाविद्यालयाची आहे आणि रुग्ण रोज समोर होता. वर्ग तेवढा दूर होता. तरीही या डॉक्टरेटमुळे त्यांची वेतनश्रेणी बदललेली नाही. नावाच्या पाटीवर ‘डॉ.’ लावू नये, रुग्णांचा गैरसमज होईल, असे त्यांनी स्वतःच लेखी कळविले. अमेरिकेतही ही पदवी सर्वांना सक्तीची करण्याची घोषणा २०१७ मध्ये झाली होती, ती पुढे मागे घेतली गेली आणि २०१९ मध्ये पदव्युत्तर व डॉक्टरेट हे दोन्ही मार्ग खुले राहिले. तेव्हा उद्या दुसऱ्या कोणी असाच अर्ज केला, तर मंजुरी आपोआप मिळेल असे समजू नये. रुग्णांची यादी आम्ही आधी मागू.

ताई सोडून जातील, ही आमची भीती खोटी ठरली असे आज म्हणता येत नाही. सेवेचा करार आणखी दोन वर्षांचा आहे, त्यानंतरचा निर्णय त्यांचा. कर्जाचे हप्ते नियमित येत आहेत.

विभागाने यंदा एकच नवी मागणी केली होती. मागील अंगणात, छपराखाली, मातीची चूल. धुराची तक्रार वॉर्डातून आली, म्हणून ती कुंपणाकडे सरकवली. खर्च किरकोळ होता, पण तो कोणत्या शीर्षाखाली टाकावा यावर लेखा विभागात दोन दिवस चर्चा झाली. पुस्तिकेत तो आपल्याला ‘उपकरणे’ या शीर्षाखाली आढळेल. सभेनंतर चहा मागील अंगणातच आहे.