गृहिणीचे पान

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाई निमंत्रण घेऊन आल्या तेव्हा मी त्यांना विचारले, "विषय कोणता घेऊ?" त्या म्हणाल्या, "तुमची सारी नोकरी दवाखान्यात गेली. आरोग्यावरच बोला, पण रोगांची नावे घेऊन आम्हांला घाबरवू नका." ती अट मी मान्य केली. आत बटाटेवडे तळणे चालू आहे असे वासावरून कळते. ते निवेपर्यंत बोलत राहायचे नाही, ही दुसरी अट मी माझी मीच घालून घेतली आहे.

मी परिचारिका होते. तीस वर्षे दवाखान्यात बायका पाहिल्या. त्यांतल्या बहुतेक जणी स्वतःसाठी आलेल्या नसत. कोणी मुलाचा खोकला घेऊन येई, कोणी सासूबाईंचे गुडघे, कोणी यजमानांचा रक्तदाब. घरातल्या प्रत्येकाचा कागद पिशवीत नीट घडी करून ठेवलेला असे. "आणि तुमचा कागद कुठे आहे?" असे विचारले की ठरलेले उत्तर येई, "मला काय धाड भरली आहे!"

अशाच एक बाई माझ्या चांगल्या स्मरणात आहेत. वय असेल छत्तीस-सदतीस. सासूबाईंना तपासायला आणायच्या. एकदा त्यांचा हात हातात घेतला, तर नखे पांढरीफटक. जिना चढून आल्या की दोन मिनिटे भिंतीला टेकून उभ्या राहत. गप्पांच्या ओघात त्यांनी सांगितले की हल्ली तांदूळ निवडताना कच्चे तांदूळ तोंडात टाकण्याची फार इच्छा होते. मी त्यांना आग्रहाने रक्त तपासायला लावले. रक्तातले हिमोग्लोबिन ७ निघाले. स्त्रीच्या रक्तात ते निदान १२ असावे लागते, गरोदरपणी साधारण ११. म्हणजे जवळजवळ निम्म्या रक्तावर ही बाई चार माणसांचे घर ओढीत होती, आणि वर म्हणत होती, मला काही झालेले नाही.

असे आणखी किती जणींचे असेल? आपल्या देशात २०१९ ते २०२१ या काळात राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी झाली. तीत १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी शंभरात ५७ जणींना रक्तक्षय असल्याचे आढळले. महाराष्ट्रात शंभरात ५४. पुरुषांत हे प्रमाण शंभरात २५ होते. आपल्या या सभागृहात त्या वयाच्या ज्या भगिनी बसल्या आहेत, त्यांनी सहज डावीउजवीकडे पाहावे आणि मनातल्या मनात हिशेब करावा.

स्त्रीला दर महिन्याच्या पाळीत रक्त जाते, म्हणून तिला लोह अधिक लागते. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली जे प्रमाण सांगितले, त्याप्रमाणे पुरुषाला रोज १९ मिलिग्रॅम लोह हवे, तर स्त्रीला २९. निसर्गाने तिची गरज मोठी केली आहे. आणि आपण घरात काय करतो? जिची गरज मोठी, तिचे पान शेवटी वाढतो. मुलांची ताटे झाली, पुरुषमंडळी उठली, म्हाताऱ्यांचे पथ्यपाणी झाले, मग पातेल्याच्या तळाशी जे राहील ते आपले. भाजी संपलेली असते, उसळीचा नुसता रस्सा उरलेला असतो. त्यात लोणच्याची फोड घेऊन भात कालवायचा आणि वर चहा घ्यायचा. या जेवणाने पोट भरते, पण रक्त भरून येत नाही.

मुंबईशी संबंध असलेली एक हकिगत येथे सांगण्याजोगी आहे. लूसी विल्स नावाच्या एक इंग्रज डॉक्टरीणबाई १९२८ साली मुंबईस आल्या. परळच्या हाफकिन संस्थेत त्यांनी काम केले. गिरणीत राबणाऱ्या गरीब बायकांना गरोदरपणी एक प्रकारचा भयंकर रक्तक्षय होई आणि कित्येक जणी त्यात दगावत. हा काही जंतूंचा रोग असेल अशी शंका होती. विल्सबाईंनी जंतू शोधले, ते सापडले नाहीत. मग या बायका खातात काय, याचा त्यांनी शोध घेतला. दोष आहारात होता. यीस्टपासून केलेला मार्माइट नावाचा एक स्वस्त पदार्थ देऊन त्यांनी या बायका बऱ्या केल्या, आणि १९३१ साली ते प्रसिद्ध केले. त्या पदार्थात गुणकारी काय होते, ते पुढे उलगडले. १९४१ साली पालकाच्या पानांतून एक द्रव्य वेगळे काढण्यात आले. पान या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्याचे नाव फॉलिक आम्ल असे पडले. आज जगभर गरोदर स्त्रियांना जी गोळी देतात, तिच्यामागे परळच्या गिरणीकामगार बायकांची ती कहाणी आहे. ज्या दुखण्याला लोक दैव म्हणत होते, ते त्या बायकांच्या ताटातले होते.

म्हणून ताटापासूनच सुरुवात करू. महागाच्या कोणत्याही वस्तूचे मी नाव घेणार नाही. बाजरी, नाचणी, ज्वारी, मटकी, चवळी, हरभरा, पालेभाज्या यांत लोह आहे. कडधान्याला मोड आणले की त्यातले लोह अंगी अधिक लागते. वर लिंबू पिळले, किंवा जोडीला आवळा, पेरू असा काही आंबट पदार्थ घेतला, तर आणखी चांगले. पालेभाजी फार वेळ शिजवू नये आणि तिचे पाणी मोरीत ओतू नये, कारण फॉलिक आम्ल त्याच पाण्याबरोबर जाते. आपल्या आज्या लोखंडी कढईत आमटी करीत, तीही काढून टाकण्याची वस्तू नव्हे. आंबट पदार्थ तीत शिजला की थोडे लोह त्यात उतरते. ज्या घरी मांसमच्छी चालते तेथे तर सोयच आहे, कारण त्यातले लोह शरीर लवकर घेते. मात्र तो रस्सा बाईच्या पानातही तुकड्यांसकट पडला पाहिजे.

आता चहाविषयी बोलते, रागावू नका. चहा सोडा असे मी म्हणत नाही, मीही घेते. पण जेवणाला लागून घेतलेला चहा अन्नातले लोह बांधून टाकतो. जेवणाच्या आधी एक तास आणि नंतर एक तास चहा-कॉफी टाळावी, असे राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली सांगितले आहे. दुपारी जेवून उठल्याबरोबर आधण ठेवण्याची सवय तेवढी पुढे ढकला. चार वाजताचा चहा तसाच राहू द्या.

उपासांचेही तेच. श्रद्धेने उपास करणाऱ्या भगिनींना मी विरोध करीत नाही. पण साबुदाण्यात पिठाशिवाय फारसे काही नसते. तोच उपास राजगिरा, दाणे, दूध आणि फळे यांवर केला तर देवही नाराज होणार नाही आणि प्रकृतीही. ज्यांचे रक्त मुळात कमी आहे, ज्या गरोदर आहेत किंवा ज्या मधुमेहाची औषधे घेतात, त्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय कडक उपास करू नयेत.

एवढे करूनही रक्त फार उतरलेले असेल, तर नुसत्या आहाराने ते भरून येत नाही. गूळ आणि खजूर खाऊन ७ चे १२ होत नाही. त्याला औषधच लागते. लोहाच्या गोळ्या सरकारी आरोग्य केंद्रांत मिळतात. त्यांनी शौचास काळे होते, कोणाला मलावरोध होतो. त्याला भिऊन गोळ्या कोनाड्यात ठेवू नयेत. त्या दुधाबरोबर, चहाबरोबर किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेऊ नयेत. आणि बरे वाटू लागले की लगेच थांबवू नयेत. रक्त भरल्यावरही शरीरातला साठा भरून यायला साधारण तीन महिने लागतात. रक्त कमी का झाले, हेही डॉक्टरांकडून पाहून घेणे अवश्य आहे. पाळीत फार रक्त जात असेल, तर "बाईच्या जातीला हे चालायचेच" म्हणून सोसू नये. त्यावर उपाय आहेत. पाळी थांबल्यावर पुन्हा रक्त दिसले, तर एक दिवसही घालवू नये. क्वचित काही जणींत रक्ताचा हा दोष जन्मतःच असतो. तेथे लोह देऊन उपयोग होत नाही. तेव्हा शेजारणीच्या गोळ्या आपण घेऊ नयेत.

व्यायामाचा विषय काढला की बायका म्हणतात, "दिवसभर घरात पायपीट होतेच की!" होते, हे खरे, पण ओट्यापासून फळीपर्यंतच्या चालण्याने छाती भरून श्वास लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने आठवड्याला निदान १५० मिनिटे भरभर चालण्यासारखा व्यायाम सांगितला आहे. म्हणजे पाच दिवस, रोज अर्धा तास. रक्त फार कमी असेल तर आधी ते भरून घ्यावे, मग वेग वाढवावा. झोप सात तास तरी हवी. रात्री सर्वांच्या मागून निजणारी आणि पहाटे सर्वांच्या आधी उठणारी बाई घराला भूषणावह वाटते. परंतु हे भूषण तिच्या अंगावर निघते.

येथे एखादी सूनबाई मनात म्हणत असेल, "हे सारे खरे, पण वेळ कोठून आणू?" हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याला बगल देऊन नुसता उपदेश करणे मला बरोबर वाटत नाही. २०२४ साली देशात वेळेच्या वापराची सरकारी पाहणी झाली. घरकाम करणाऱ्या स्त्रियांचे रोजचे २८९ मिनिटे त्यात जातात. जे पुरुष घरकाम करतात त्यांची ८८. तेव्हा बाईने प्रकृती सांभाळावी असे म्हणायचे आणि तिच्या कामाचा भार मात्र तसाच ठेवायचा, तर प्रकृती सांभाळणे हे तिच्या डोक्यावरचे आणखी एक काम होऊन बसेल. तिचा अर्धा तास घरातल्या कोणाला तरी द्यावा लागेल. सभेला आलेल्या पुरुषमंडळींनी हे वाक्य घरी घेऊन जावे, अशी माझी त्यांना नम्र विनंती आहे.

त्या छत्तीस-सदतीस वर्षांच्या बाईंचे पुढे काय झाले, तेही सांगते. औषध चालू झाले. पंधरा दिवसांनी सासूबाईच त्यांना घेऊन आल्या आणि मला म्हणाल्या, "बाई, आता मी तिला माझ्याबरोबर बसवते. आम्ही दोघी आधी जेवतो. पोरे काही उपाशी राहत नाहीत." औषधाची मात्रा डॉक्टरांनी ठरवली होती, पण ताटाची व्यवस्था त्या म्हातारीने बदलली. चार महिन्यांनी रक्त ११ च्या वर गेले, आणि बाई जिना चढून आल्या त्या थेट टेबलापाशी, भिंतीला न टेकता. अशा सासवा फार आहेत असे मी म्हणणार नाही. पण आज येथे ज्या सासूबाई बसल्या आहेत, त्यांच्या हातात केवढी सत्ता आहे, हे त्यांना कळावे म्हणून सांगितले.

शेवटी मंडळाला एक सूचना करते. आपल्यात भिशी वेळेवर चालते. कोणी हप्ता चुकवीत नाही, कारण दुसरीचे पैसे त्यात अडकलेले असतात. तशीच जोडी आरोग्यासाठी करावी. दर वर्षी वर्धापनदिनाच्या महिन्यात दोघी-दोघींनी मिळून हिमोग्लोबिन, रक्तदाब आणि साखर तपासून घ्यावी. तीस वर्षांवरील स्त्रियांसाठी रक्तदाब, मधुमेह आणि स्तनाच्या व गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रांतून होते. तिचाही लाभ घ्यावा. एकटीने जायचे म्हटले की बाई उद्यावर टाकते. मैत्रीण दारात येऊन उभी राहिली की चप्पल घालावीच लागते. संध्याकाळचे अर्ध्या तासाचे चालणेही जोडीनेच ठरवावे. ज्या भगिनी तयार असतील त्यांनी आजच चिटणीसबाईंकडे नावे द्यावीत. पहिले नाव माझे लिहावे. माझ्या जोडीला कोण येते ते सांगा.

आणि आज रात्रीपासूनच करता येईल अशी एक गोष्ट. जेवायला सगळ्यांबरोबर बसा. वाढायचे काय ते मध्ये मांडून ठेवा, ज्याचे त्याने घ्यावे. पहिले दोन दिवस चुकल्यासारखे वाटेल. तरी उठू नका.

वडे गरम असतानाच वाढा. आणि ज्या भगिनी आत तळत बसल्या आहेत, त्यांना आधी बाहेर बोलवा.