गोठा, माशी आणि बुरशी



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ हे व्याख्यान होत आहे, त्यांच्या वर्गात मी चार वर्षे बसलो. स्मृतिव्याख्यानासाठी मी माशीसारखा विषय घेतला म्हणून काहींनी नाके मुरडली, असे कानी आले. परंतु गुरुजींनी मला दिलेला सर्वांत मोलाचा धडा माशीवरचाच होता. तेव्हा विषयाची निवड माझी नसून त्यांचीच आहे, असे समजावे.

आमचे घर निपाणीजवळच्या एका खेड्यात. पुढे तंबाखूची वखार, मागे गोठा आणि गोठ्याला लागूनच उकिरडा. कर्नाटकी बेंदराला, म्हणजे ज्येष्ठी पौर्णिमेला, बैल धुऊन त्यांची शिंगे रंगवून झाली की पाऊस धरे आणि पाठोपाठ माश्यांचे राज्य सुरू होई. अशाच एका पावसाळ्यात आमच्या कालवडीच्या डोळ्यांभोवती रुपयाएवढ्या राखाडी खपल्या धरल्या. पुढे दोनतीन आठवड्यांत माझ्या मानेवर लाल, खाजरे कडे उमटले. वर्गातील मुले माझ्यापासून सरकून बसू लागली. "माश्या बसून बसून झालंय," असे आईचे निदान होते आणि मलाही ते सोयीचे वाटले, कारण त्यात माझा दोष काहीच नव्हता.

गुरुजींनी मला बाकावरून उठवले नाही. त्यांनी प्रयोग मांडला. उकळत्या पाण्यातून काढलेल्या दोन बरण्या, प्रत्येकीत उकडलेल्या बटाट्याची एक फोड. एकीत गोठ्यातील जिवंत माशी काही वेळ सोडून नंतर काढून घेतली. दुसरी तशीच झाकून ठेवली. चौथ्या दिवशी पहिल्या फोडीवर हिरवे-काळे ठिपके दिसू लागले, दुसरी जवळजवळ स्वच्छ होती. मी विजयी मुद्रेने म्हणालो, "गुरुजी, म्हणजे मला नायटा माशीनंच दिला!" ते हसले. "अरे, बटाट्यावर आली ती बुरशी तुझ्या मानेवरची नव्हे. कालवडीच्या गळ्यात हात घालून रोज कोण बसतो रे?"

मी गप्प झालो. पुढे प्राणिशास्त्र शिकताना त्या प्रश्नाची खोली कळली. वासरांच्या नायट्याची बुरशी, ट्रायकोफायटॉन व्हेरुकोसम, अतिशय सावकाश वाढते. चार दिवसांत ती बटाट्यावर दिसणे शक्यच नव्हते. तिचा मुख्य मार्ग म्हणजे प्रत्यक्ष स्पर्श. जनावर जिथे अंग घासते तो खांब, गव्हाण, दावे, खरारा, यांवर गळून पडलेल्या खपल्यांतील बीजाणू कोरड्या जागी वर्षानुवर्षे जिवंत राहतात. माश्या खपल्यांवर बसतात, त्यामुळे त्यांच्या पायांना बीजाणू लागत नाहीत असे कोणी म्हणणार नाही. परंतु माशीच्या अंगावर बुरशी सापडणे ही एक गोष्ट आणि माशीमुळे रोग होणे ही दुसरी. या दोहोंमधील अंतर पुराव्याने भरावे लागते, आणि आपण ते बहुधा किळसेने भरून टाकतो.

मग माशी निर्दोष ठरते काय? मुळीच नाही. तिला दात नाहीत. घन पदार्थावर लाळ आणि पोटातील द्रव ओकून, तो विरघळवून ती स्पंजासारख्या सोंडेने शोषून घेते. अंगभर राठ केस, पायांच्या टोकांशी चिकट, लवदार गाद्या. शेणावरून उठून ती दुधाच्या चरवीवर, तिथून भाकरीवर येते. निरनिराळ्या देशांतील संशोधकांनी घरमाश्यांच्या अंगावरून आणि आतड्यांतून अ‍ॅस्परजिलस, पेनिसिलियम, कॅन्डिडा अशा अनेक बुरश्या वेगळ्या करून दाखविल्या आहेत.

यांतील अ‍ॅस्परजिलसकडे आपल्या भागाने विशेष लक्ष द्यावे, कारण आपल्याकडे भुईमुगाची पेंड जनावरांना घालतात. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी मेले. त्यांच्या खाद्यातील भुईमुगाच्या पेंडीवर अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस ही बुरशी वाढली होती आणि तिने निर्माण केलेले विष पुढे अफ्लाटॉक्सिन या नावाने ओळखले गेले. गाईम्हशींनी अशी पेंड खाल्ली की विषाचा काही अंश दुधात उतरतो आणि दूध तापवूनही तो जात नाही. येथेही मुख्य गुन्हेगार ओल आणि कोंदट साठवण हेच. बीजाणू वार्‍यानेच मुबलक येतात. माशी त्यांत थोडी भर घालते, इतकेच.

बेळगावच्या टिळकवाडीत व्हॅक्सिन डेपोचे मैदान आहे. तेथे एकेकाळी देवीची लस वासरांच्या कातडीवर वाढवून तयार करीत. वासराच्या कातडीचा आणि माणसाच्या मुलाचा संबंध किती जवळचा, हे त्या मैदानावर खेळणार्‍या मुलांना कोणी सांगते की नाही, कोण जाणे.

२०२२ साली लम्पीची साथ आली. महाराष्ट्र आणि कर्नाटक, दोन्हीकडे गुरांचे बाजार बंद ठेवावे लागले. सीमाप्रश्नाचा निकाल लागेपर्यंत थांबण्याची सवय आपल्याला आहे, रोगाला नाही. लम्पी हा विषाणूचा रोग. तो पसरविण्यात रक्त पिणार्‍या माश्या, डास आणि गोचीड यांचा हात असतो. आपली घरमाशी चावत नाही. तरीही त्या काळात नायट्याच्या खपल्यांना लम्पी समजून घाबरणारे आणि लम्पीच्या गाठींना नायटा समजून तेल चोळणारे, असे दोन्ही प्रकारचे लोक मला भेटले. चुकीच्या निदानाची किंमत शेवटी जनावर मोजते.

फवारणीने माशी संपेल, या आशेवर फार विसंबू नये. डी.डी.टी. आल्यावर असेच वाटले होते. १९४६-४७ च्या सुमारासच तिला न जुमानणार्‍या घरमाश्या युरोपात आढळल्या. माशीचे खरे गणित उकिरड्यात आहे. मादी एका वेळी पाऊणशे ते दीडशे अंडी घालते. ती दिवसभरात फुटतात आणि उष्ण दिवसांत अंड्यापासून उडणारी माशी होण्यास सात ते दहा दिवस लागतात. म्हणजे आठवडा पुरा होण्याच्या आत शेण गोठ्यापासून दूर नेऊन उन्हात पातळ पसरले, किंवा ढीग उलथून कडेचे शेण आतल्या उष्णतेत ढकलले, तर अळ्यांना माशी होण्याआधीच मरण येते.

गुरुजींनी हे गणित आमच्या घरी येऊन आईला समजावून सांगितले होते. "वैनी, तारखा कशाला मोजता? बाजाराच्या दिवशी उकिरडा उलथायचा," असे ते म्हणाले. मला मात्र त्यांनी खांब आणि गव्हाण चुन्याने रंगवायला लावली, आणि कालवडीला हात लावला की साबणाने हात धुण्याची शपथ घातली. आईने तो नेम पुढे कधी मोडला नाही. नागपंचमीपर्यंत माश्या निम्म्याने कमी झाल्या. कालवडीच्या खपल्या गणपतीच्या सुमारास गळून पडल्या आणि डोळ्यांभोवती नवे, मऊ केस आले. माझ्या मानेवरचा डाग तेवढा दिवाळीपर्यंत राहिला.