नातवंडांची सागरसफर आणि संमतीचे कागद

भिलाईपासून समुद्र फार दूर आहे. दुर्ग स्थानकातून मुंबईकडे निघालेली गाडी सुमारे 1,100 किलोमीटर धावते, तेव्हा कोठे खारा वारा अंगाला लागतो. 1959 च्या फेब्रुवारीत या गावी पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी सुरू झाली आणि देशाच्या निरनिराळ्या प्रांतांतून माणसे येथे राहावयास आली. त्यांत मराठी कुटुंबेही होती. त्या पिढीच्या मुलानातवंडांना भट्टीची धग ठाऊक आहे, पण जहाज मात्र चित्रातच पाहिलेले. म्हणूनच सुट्टीत आजोबांनी दोन नातवंडांना मुंबईहून जहाजाने फिरवून आणण्याचा बेत केला, तर घरात आनंदाला उधाण येते. आईवडिलांना रजा नसते. आजोबा खंबीर असतात. मग अडचण ती कोणती?

अडचण एवढीच, की आजोबांजवळ माया आहे, अधिकार नाही. 1875 च्या सज्ञानता कायद्याप्रमाणे 18 वर्षे पुरी होईपर्यंत मूल अज्ञान समजले जाते. अज्ञान हिंदू मुलाचे नैसर्गिक पालक म्हणून 1956 चा कायदा पित्याला व त्यानंतर मातेला ओळखतो. या ‘त्यानंतर’चा अर्थ पित्याच्या मृत्यूनंतर एवढाच नसून त्याच्या अनुपस्थितीतही असा होतो, असे सर्वोच्च न्यायालयाने 1999 साली स्पष्ट केले. आजोबा, मामा, आत्या यांचे नाव या यादीत नाही. घरात ज्यांच्या शब्दाबाहेर कोणी जात नाही, त्यांना धक्क्यावरचा अधिकारी मात्र विचारतो, “या मुलांना नेण्याची परवानगी कोणी दिली?” त्या प्रश्नाचे उत्तर कागदावरच द्यावे लागते.

जहाज मुंबईहून गोव्यास जाऊन परत येणार असेल, तर प्रवास देशातलाच असतो. पासपोर्टची गरज नसते. मोठ्यांचे शासकीय ओळखपत्र, मुलांचे आधारपत्र अथवा जन्मदाखला आणि आईवडिलांचे संमतिपत्र एवढी शिदोरी सामान्यतः पुरते. तेच जहाज लक्षद्वीपला जाणार असेल, तर 1967 च्या नियमांप्रमाणे बाहेरच्या प्रवाशास प्रवेशाचा परवाना लागतो. तो मुलाच्या नावेही आहे की नाही, हे तिकीट काढतानाच विचारून घ्यावे. सोबतचा मोठा माणूस किती वर्षांचा हवा, हे कंपनीगणिक बदलते; कोठे 18 वर्षे पुरेशी होतात, कोठे 21 लागतात. मुलांनी त्याच्याच खोलीत राहावे, अशीही अट काही ठिकाणी असते.

परदेशी सफरीची तयारी पुष्कळ आधी करावी लागते. मुलाचा पासपोर्ट निराळा असतो. भिलाईकरांना त्यासाठी रायपूरच्या पासपोर्ट कार्यालयाशी संबंध येतो. अर्जासोबत आई व वडील या दोघांचेही विहित घोषणापत्र द्यावे लागते. एकाची संमती मिळण्याजोगी नसेल, तर त्यासाठी निराळे घोषणापत्र आहे. मुलाचा पासपोर्ट साधारणतः 5 वर्षे किंवा वयाची 18 वर्षे पुरी होईपर्यंत, यांपैकी जे आधी येईल तोवर चालतो. प्रवासाच्या दिवसानंतर त्याची मुदत किमान सहा महिने उरलेली असावी, असा पुष्कळ देशांचा आग्रह असतो. व्हिसाच्या बाबतीत जहाजाची एक गंमत आहे. सिंगापूरहून निघालेले जहाज दुसऱ्या देशाच्या बंदराला लागून सिंगापुरास परतते. म्हणजे प्रवासी त्या देशात दोनदा प्रवेश करतो. एकाच प्रवेशाचा व्हिसा घेतलेला माणूस परतताना अडचणीत येतो.

आता मुख्य कागद, संमतिपत्र. त्यात मुलाचे पूर्ण नाव, जन्मतारीख व पासपोर्टचा क्रमांक असावा. सोबत नेणाऱ्याचे नाव व नाते असावे. जहाजाचे नाव, निघण्याच्या व परतण्याच्या तारखा आणि मधली बंदरे असावीत. शेवटी दोन्ही पालकांच्या सह्या व दूरध्वनीचे क्रमांक असावेत. परदेशी जाताना ते नोटरीसमोर करून घ्यावे. पालकांच्या ओळखपत्रांच्या प्रती आणि मुलाचा जन्मदाखला त्यास जोडावा, कारण सही करणारेच आईबाप आहेत हे दाखल्यावाचून सिद्ध होत नाही. पालकांपैकी एक हयात नसेल तर मृत्यूचा दाखला, घटस्फोट झाला असेल तर मुलाच्या ताब्याविषयीचा न्यायालयाचा आदेश बरोबर ठेवावा. आडनावाच्या स्पेलिंगमधला एका अक्षराचा फरकही घरीच निस्तरलेला बरा.

या पत्रातील एक ओळ बहुतेक घरे विसरतात. मुलाला अपघात झाला, शस्त्रक्रियेची वेळ आली, तर संमती कोणी द्यावी? जहाज किनाऱ्यापासून दूर असते आणि आईवडील भिलाईस. उपचारांस संमती देण्याचा अधिकार सोबतच्या नातेवाइकास दिल्याचे स्पष्ट लिहिले असेल, तर डॉक्टरांना वाट पाहावी लागत नाही. मुलाला कोणते औषध वर्ज्य आहे, तेही तेथेच नोंदवावे.

हा सारा सोपस्कार कोणास अविश्वासाचा वाटेल. परंतु समुद्रावर नावांच्या नोंदीला फार अर्थ आहे. 17 जुलै 1947 रोजी मुंबईहून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली आणि सहाशेंहून अधिक माणसे गेली. कोकणात आजही त्या दिवसाची आठवण निघते. आज आंतरराष्ट्रीय सफरीवरील जहाज सुटण्यापूर्वी त्यावरील प्रत्येक माणूस मोजावा लागतो. लांबच्या सफरीत नावांची नोंद करून प्रौढ, मुले व तान्ही बाळे यांचा निराळा उल्लेख ठेवावा लागतो. संकटात कोणते मूल कोणाचे, कोणाला कळवायचे, हे त्या नोंदीवरून कळते. संमतिपत्र हा त्याच नोंदीचा घरगुती भाग होय.

बंदराजवळ राहणाऱ्याचा एखादा कागद राहिला, तर तो तासाभरात घरी जाऊन आणू शकतो. भिलाईच्या आजोबांना ती सोय नाही. मूळ नोटरी केलेले पत्र कपाटात राहिले, तर धक्क्यावरून दोन लहान चेहरे हिरमुसून परत फिरतात. म्हणून दुर्गला गाडीत बसण्याच्या आदल्या रात्री, फराळाचा डबा भरण्याच्याही आधी, आईने ते पाकीट स्वतःच्या हाताने आजोबांच्या पिशवीत ठेवावे आणि त्याच्या प्रती मुलांच्या सामानात ठेवाव्यात. आईवडिलांना सोबत जाता आले नाही, तरी त्यांची संमती तेवढी मुलांबरोबर समुद्रावर जाते.