एका संगणकात दोन बिऱ्हाडं

(महिला मंडळांच्या कार्यकर्त्यांसाठी झालेल्या संगणक-शिबिरातील भाषण, थोडे संक्षिप्त करून.)



घरातल्या संगणकाचा पासवर्ड कोण ठेवतं? बहुतेक घरांत नवरा, भाऊ किंवा मुलगा. बाई त्याच्यावर हिशेब लिहिते, मंडळाचं इतिवृत्त टाइप करते, मुलांचे फॉर्म भरते. पण यंत्राच्या आत हात घालायचा म्हटलं की ‘तुला नाही कळायचं’ हे वाक्य ठरलेलं! 1946 साली अमेरिकेत जगापुढे आलेल्या एनिॲक या अवाढव्य संगणकाला कामाला लावणाऱ्या पहिल्या सहाही प्रोग्रॅमर बायका होत्या, हे आपल्याला कुणी सांगितलेलं नसतं.

आज हा विषय घेण्याला कारण आहे. विंडोज 10 चा नेहमीचा आधार मायक्रोसॉफ्टनं 14 ऑक्टोबर 2025 रोजी थांबवला. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 ही सुरक्षेची सोय लागते आणि अनेक जुन्या यंत्रांत ती नाही. मग दुकानदार सांगतो, नवा संगणक घ्या. चालतं यंत्र भंगारात काढायचं आणि खर्च पुन्हा घरखर्चातूनच!

दुसरी वाट आहे लिनक्सची. फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्यानं 1991 साली तिचा गाभा लिहिला. रिचर्ड स्टॉलमन यांनी 1983 साली जाहीर केलेल्या ग्नू प्रकल्पाची त्याला जोड मिळाली. ती वापरायला, तपासायला, बदलायला आणि दुसरीला द्यायला मोकळीक आहे. उबुंटू, मिंट ही तिचीच फुकट मिळणारी रूपं.

मग विंडोज काढूनच का टाकू नये? कारण आपल्यापैकी कुणी टॅलीत हिशेब ठेवते, कुणाची छपाईची कामं श्रीलिपीतल्या जुन्या फायलींत आहेत. ती कामं विंडोजवरची. तेव्हा दोन्ही ठेवायच्या. इंटरनेट, बँक, पत्रव्यवहार लिनक्सवर. जुनी कामं इंटरनेट न जोडता विंडोजवर.

आता कृती. सर्वांत आधी सगळ्या फायलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्या. ही पायरी कुणीही गाळू नये. विंडोजमध्ये बिटलॉकर चालू असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर उतरवा. ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करा. ते चालू असलं तर विंडोज पूर्ण बंद होत नाही आणि लिनक्समधून तिच्या भागात लिहिताना फायली बिघडू शकतात. मग डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन ‘श्रिंक व्हॉल्यूम’नं जागा मोकळी करा. मिंटला किमान 20 जीबी लागते, 50 असली तर ऐसपैस.

8 जीबीच्या पेनड्राइव्हवर मिंट उतरवून घ्या. त्यावरचं आधीचं सगळं पुसलं जातं. संगणक सुरू करताना एफ 12, एफ 9 किंवा एस्केप (कंपनीप्रमाणे कळ बदलते) दाबून पेनड्राइव्ह निवडा. आधी न बसवताच चालवून पाहा: वायफाय, आवाज, प्रिंटर. पटलं तर बसवा. तिथं ‘विंडोजच्या शेजारी बसवा’ अशा अर्थाचा पर्याय येतो, तो घ्या. ‘इरेज डिस्क’ला हात लावू नका, विंडोजसकट सगळं जाईल. पुढे दर वेळी ग्रब नावाची यादी येते आणि आज कुणाकडे जायचं ते विचारते.

एक गंमत सांगते. दोन्हीकडे ये-जा केल्यावर घड्याळ साडेपाच तास चुकतं. विंडोज यंत्राच्या घड्याळात भारतीय वेळ ठेवते, लिनक्स जागतिक वेळ. यंत्र बिघडलेलं नाही, घाबरू नका. लिनक्सला स्थानिक वेळ पाळायला सांगणारी एका ओळीची आज्ञा दिली की झालं.

आता सर्वांत महत्त्वाचं. दोन बिऱ्हाडं म्हणजे दोन कुलुपं नव्हेत. विंडोजला पासवर्ड असला तरी डिस्क एन्क्रिप्ट केलेली नसेल, तर लिनक्समधून तिथल्या फायली सरळ उघडतात. पेनड्राइव्ह घेऊन येणाऱ्या कुणालाही दोन्हीकडचं दिसू शकतं. मिंट 22 बसवताना आपला होम फोल्डर एन्क्रिप्ट करण्याचा पर्याय असतो. तो घ्या आणि तो पासवर्ड विसरू नका, कारण मग आपल्यालाही दार उघडत नाही. पण जिचा नवरा तिचा फोन, संगणक तपासतो, अशा मैत्रिणीला हा उपाय लपण्याची जागा म्हणून सुचवू नका. सुरुवातीची यादी सगळ्यांना दिसते आणि त्या नव्या नावावरूनच घरात जाब विचारला जाईल. तक्रारीचे कागद, पुरावे, वकिलांशी पत्रव्यवहार यांसाठी तिला विश्वासाच्या दुसऱ्या जागेचा संगणक मिळवून देणं, हे आपलं काम आहे.

बाकी आपण सगळ्यांनी हे स्वतःच्या हातानं करावं. बसवताना मुख्य वापरणारीचं नाव विचारलं जातं, तिथं आपलं नाव घाला. उद्या काही अडलं तर ‘कुणाला तरी विचारते’ म्हणण्याऐवजी आपण स्वतः आत डोकावू शकू. परत जाल तेव्हा एकेकीनं आपल्या मंडळातल्या आणखी दोघींना शेजारी बसवून हे शिकवा. कळफलक मात्र त्यांच्या हातात द्या.