जाळे कापणारे हात



समुद्रातल्या जीवांच्या रक्षणावर होमिओपॅथीचा डॉक्टर काय बोलणार, असे काहींना वाटले असेल. पण आमचे कपाट उघडून पाहा. सेपिया म्हणजे माकुळाची शाई. कॅल्केरिया कार्ब शिंपल्यातून येते, स्पंजिया भाजलेल्या स्पंजातून. आम्हा जैनांच्या गणतीत शिंपला दोन इंद्रियांचा जीव, मासा पाच इंद्रियांचा. हे लहानपणापासून ऐकलेले असले, आणि ताटात मासा येत नसला, की समुद्रातल्या हिंसेत आपला वाटा नाही असे वाटू लागते. मला ते पटत नाही.

आपल्याच गुजरातचे उदाहरण घ्या. वेरावळच्या बाजूला व्हेल शार्कची शिकार जोरात चाले. हा चाळीस फुटांहूनही अधिक वाढू शकणारा, पण माणसाला अगदी निरुपद्रवी मासा. तोंड उघडून पाणी आत घ्यायचे आणि त्यातले बारीक जीव गाळून खायचे, एवढाच त्याचा उद्योग. त्याच्या यकृताचे तेल होड्यांना चोपडत, मांस परदेशी जाई. त्याला दमवायला पिंपे बांधत, म्हणून मच्छीमारांत त्याचे नावच ‘बॅरल’ पडले. माइक पांडे यांच्या माहितीपटाने ही कत्तल लोकांपुढे आणली आणि २००१ मध्ये वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत हा मासा आला.

शिकार गुन्हा ठरली. पण चुकून जाळ्यात अडकलेला मासा सोडवायचा कोणी? २००४ मध्ये वाइल्डलाइफ ट्रस्ट ऑफ इंडिया, वनखाते आणि टाटा केमिकल्स यांनी मोहीम काढली. मोरारीबापूंनी लोकांना सांगितले, ही बाळंतपणाला माहेरी आलेली लेक आहे. ‘बॅरल’ची ‘व्हाली’ झाली, म्हणजे लाडकी. माहेरवाशीण म्हटल्यावर मराठी माणसाला आणखी काही समजावून सांगायला नको. तरीही नुसत्या मायेवर भागले नसते. जाळे ही मच्छीमाराची पुंजी. कापलेल्या जाळ्याची भरपाई मिळू लागली, तेव्हा मायेला बळ आले. तेव्हापासून शेकडो व्हेल शार्क सोडले गेले आहेत. महाराष्ट्रातही २०१८ पासून संरक्षित जलचर सोडताना जाळे कापावे लागले, तर २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळते.

भर समुद्रात, भरपाई हातात येण्याआधी, हा माणूस आपले जाळे कापतो. तो मासे खातो, मासे विकतो. आपल्या शाकाहाराला अशी किंमत मोजावी लागलेली नाही.

आता सुरतेकडे या. आपल्या शहराचे पोट कृत्रिम धाग्यावर भरते. पॉलिएस्टरची साडी धुतली की तिचे डोळ्यांना न दिसणारे तंतू सांडपाण्यात उतरतात. त्यातले काही गाळले जातात, उरलेले नदी-खाडीतून समुद्राला मिळतात. गाळून खाणाऱ्या माशाला अन्न आणि तंतू वेगळे काढता येत नाहीत.

सभागृहात डाइंग मिलमध्ये आयुष्य घालवलेली मंडळी बसली आहेत. सांडपाणी नीट गाळले तर साडीमागे किती खर्च वाढेल? प्रश्नोत्तरांत पहिला प्रश्न मीच त्यांना विचारणार आहे. आकडा सांगा. तेवढे जास्त देऊन साडी कोण घेईल, तेही मग इथेच विचारू.