पदवीनंतरची वर्षं आणि करोल बाग



पदवीचा निकाल हाती आला की लातूर, बीड, सोलापूर, अमरावतीकडची कितीतरी मुलंमुली दिल्लीची गाडी पकडतात. पत्ता बहुधा ठरलेला असतो : करोल बाग, नाहीतर त्याला लागून असलेलं ओल्ड राजिंदर नगर. करोल बागेला मराठी नवी नाही. सोन्याचांदीची गलाई करणारे सांगली जिल्ह्यातले कारागीर इथे फार पूर्वीपासून आहेत. आता त्यांच्या शेजारी यूपीएससीची तयारी करणारी आपली मुलं राहतात. मला आज त्यांच्याशी आणि गावाकडे त्यांच्या फोनची वाट पाहणाऱ्या आईवडिलांशी बोलायचं आहे.

आधी आकडे ऐका. २०२४ च्या नागरी सेवा परीक्षेसाठी ९ लाख ९२ हजार ५९९ अर्ज आले. पूर्वपरीक्षेला प्रत्यक्ष बसले ५ लाख ८३ हजार २१३. मुख्य परीक्षेला पोचले १४ हजार ६२७, मुलाखतीला २ हजार ८४५ आणि शेवटी निवड झाली १ हजार ९ जणांची. म्हणजे परीक्षेला बसलेल्या सुमारे ५७८ जणांमागे एक. उरलेले बहुतेक सगळे पदवीधर आहेत, कष्टाळू आहेत, आणि त्यांच्या पुढच्या आयुष्याचा विचार कुणीतरी करायला हवा.

या परीक्षेला पदवी पुरते, त्यापुढचं शिक्षण लागत नाही. म्हणून पदव्युत्तर शिक्षण 'नंतर बघू' म्हणून बाजूला पडतं. पण ते 'नंतर' येतच नाही, कारण या परीक्षेच्या चक्रात थांबायला जागाच नाही. २०२४ च्या परीक्षेचा अंतिम निकाल २२ एप्रिल २०२५ रोजी लागला आणि पुढची पूर्वपरीक्षा २५ मे रोजी होती. मुलाखतीपर्यंत जाऊन निवड हुकलेल्या मुलानं त्या एका महिन्यात दुःख करायचं, की आयुष्याचा निर्णय घ्यायचा? तो पुन्हा पुस्तक उघडतो. खुल्या प्रवर्गाला सहा संधी आणि ३२ वर्षांची मर्यादा आहे. इतर मागासवर्गीयांना ३५ वर्षांपर्यंत नऊ संधी मिळतात, तर अनुसूचित जाती-जमातींना ३७ व्या वर्षापर्यंत संधींची मर्यादा नाही. तिशी अशी गाठली जाते.

दरम्यान दुसरी दारं बंद होत जातात. संशोधनासाठी मिळणाऱ्या जेआरएफ शिष्यवृत्तीची सर्वसाधारण वयोमर्यादा ३० वर्षं आहे. मुलींना आणि राखीव प्रवर्गांना त्यात पाच वर्षांची सवलत मिळते. बाकीच्यांसाठी हे दार यूपीएससीच्या शेवटच्या संधीआधीच मिटतं, आणि त्यासाठी द्यावी लागणारी नेट परीक्षा, एमए झालेलं किंवा चालू नसेल तर, तीन वर्षांच्या पदवीवर देताच येत नाही.

पैशाचं दुखणं वेगळंच. खोलीचं भाडं, मेस, टेस्ट सिरीज आणि अभ्यासाला बसायला लायब्ररीतल्या खुर्चीचे पैसे. बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांचं विद्यावेतन अनेकांना आधार देतं, पण ते प्रशिक्षणाच्या मुदतीपुरतंच असतं. पुढचा भार घरावर येतो. आणि असुरक्षित जागेत अभ्यासाला बसण्याची किंमत तर पैशाहून किती मोठी असू शकते, हे २७ जुलै २०२४ रोजी सगळ्या देशानं पाहिलं. ओल्ड राजिंदर नगरात एका कोचिंगच्या तळघरातल्या लायब्ररीत पावसाचं पाणी शिरलं आणि तीन विद्यार्थी बुडून गेले. म्हणून सांगतो, तळघरातल्या जागेत अभ्यासाला बसू नका.

पैशाअभावी शिक्षण तुटणं म्हणजे काय, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सोसलं होतं. बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून ते परतले. पण निघताना त्यांनी पुन्हा येऊन अभ्यास पूर्ण करण्याची परवानगी विद्यापीठाकडून घेऊन ठेवली होती. मुंबईत सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी केली, पैसे साठवले, शाहू महाराजांची आणि मित्राची मदत घेतली आणि १९२० मध्ये ते लंडनला परतले. १९२३ मध्ये त्यांना डीएस्सी मिळाली. त्यांनी परतीची वाट उघडी ठेवली होती. करोल बागेतल्या प्रत्येक विद्यार्थ्यानं घ्यावं ते हेच.

ते कसं करायचं? जो वैकल्पिक विषय यूपीएससीला घेतलात, त्यातच जमल्यास इग्नू किंवा नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठात एमएला नाव घाला. अभ्यास एकच, फळं दोन. इग्नूचा दोन वर्षांचा एमए चार वर्षांपर्यंत पूर्ण करता येतो. कायद्याचं शिक्षण घ्यायचं असेल, तर तिथे ७० टक्के हजेरी लागते. ते तयारीच्या जोडीनं रेटण्यासारखं नाही, त्यासाठी वेगळी वर्षं काढा.

कोचिंगची पूर्ण फी एकदम भरण्याआधी परताव्याचे नियम लेखी मागा. मध्येच सोडल्यास उरलेल्या काळाची फी दहा दिवसांत परत करावी, असं केंद्र सरकारच्या जानेवारी २०२४ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. भिंतीवरच्या यशस्वी उमेदवारांच्या फोटोंना भुलू नका. त्यांतल्या कुणी नेमका कोणता वर्ग केला होता, ते विचारा. अनेकदा तो फक्त मुलाखतीच्या सरावाचा असतो.

आणि पालकहो, मुलाला गाडीत बसवण्याआधी त्याच्याशी एकदा शांतपणे बोला. किती संधी द्यायच्या, किती खर्च झेपेल आणि त्यानंतर काय शिकायचं, हे तिघांनी मिळून ठरवा आणि कागदावर लिहा. निकालाच्या दिवशी हा विषय काढू नका. निवड झाली नाही म्हणून घरी परतणारं मूल अपराधी नाही. त्याला पुन्हा कॉलेजात नाव घालायला सांगा आणि त्याच्या पाठीशी उभे राहा.